लिबफेकटाइम: नवी तारीख चारही वर्करांना एकाच वेळी दिसत नाही, कॅशची मुदत कशी ठरवावी?

रामबागकर, इंदूर

सर्वांना नमस्कार.

आमचा चार जणांचा गट इंदुरात पतसंस्थांसाठी व्याज-आकारणीचे सॉफ्टवेअर तयार करतो. ३१ मार्चची मध्यरात्र हा आमच्या हिशेबातला सर्वांत नाजूक क्षण आहे, कारण त्या क्षणी जुने आर्थिक वर्ष बंद होते, व्याज जमा होते आणि पावत्यांचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात. ही मध्यरात्र वर्षातून एकदाच येते आणि आम्हाला तिची टेस्ट रोज चालवावी लागते, म्हणून आम्ही लिबफेकटाइम वापरतो. ही लायब्ररी प्रीलोडच्या मार्गाने प्रोग्रामच्या आधी मेमरीत येते, वेळ विचारणारी सी लायब्ररीची फंक्शन मध्येच अडवते आणि आपण सांगितलेली वेळ प्रोग्रामला देते. यंत्राच्या खऱ्या घड्याळाला ती हात लावत नाही.

व्हेरिएबलांची नावे मी उच्चारानुसार देवनागरीत लिहीत आहे. प्रत्यक्षात ती मोठ्या रोमन अक्षरांत, अंडरस्कोअरने जोडून लिहिली जातात, हे जाणकारांना ठाऊक आहेच.

आमची रचना अशी आहे. सर्व्हिस एका कंटेनरमध्ये, म्हणजे यंत्रातल्या एका वेगळ्या बंदिस्त कप्प्यात, चालते आणि तिच्यात मागण्या वाटून घेणाऱ्या चार वर्कर प्रोसेस आहेत. प्रत्येक वर्कर जिवंत असल्याची एक ओळ दर सेकंदाला लॉगमध्ये लिहितो. खोटी वेळ एका फाइलमध्ये असते, तिचा पत्ता फेकटाइम_टाइमस्टँप_फाइल या व्हेरिएबलमध्ये दिलेला आहे, आणि ही एकच फाइल आम्ही बाहेरून कंटेनरमध्ये माउंट केली आहे, म्हणजे आतून दिसेल अशी जोडली आहे. टेस्ट चालवणारी स्क्रिप्ट कंटेनरच्या बाहेर आहे. ती या फाइलमध्ये @ चिन्हासह ३१ मार्च, २३ वाजून ५९ मिनिटे ५० सेकंद अशी वेळ लिहिते, ८ सेकंद थांबते आणि मग व्याजाची मागणी पाठवते.

अडचणी तीन आहेत, आणि त्यांचे मूळ एकच आहे की वेगवेगळे, हेच मला उमगत नाही.

पहिली अशी की एकाच वर्करवर टेस्ट दहापैकी सात-आठ वेळा उत्तीर्ण होते, परंतु चार वर्करांवर निम्म्याहून कमी वेळा. ज्या वेळी ती नापास होते त्या वेळी लॉगमध्ये दोन वर्कर नव्या तारखेवर आणि दोन जुन्या तारखेवर दिसतात, आणि एकाच खातेदाराच्या नोंदी दोन आर्थिक वर्षांत विभागल्या जातात. दुसरी अशी की कॅशची, म्हणजे फाइलमधून एकदा वाचलेली वेळ लायब्ररी जितका काळ लक्षात ठेवते तिची, मुदत दहा सेकंद असते असे वाचून मी फेकटाइम_कॅश_ड्युरेशन १ केले, पण काडीचाही फरक पडला नाही. शेवटी फेकटाइम_नो_कॅश १ केल्यावर टेस्ट उत्तीर्ण होऊ लागली, परंतु महिनाअखेरच्या पूर्ण आकारणीला जिथे चार मिनिटे लागत तिथे वीस मिनिटांहून अधिक लागू लागली. तिसरी अडचण सर्वांत विचित्र आहे: सर्व्हिस सुरू होऊन बराच वेळ झाला असेल तर मी २३:५९:५० लिहूनही वर्करांना मध्यरात्र उलटून वीस-पंचवीस मिनिटे झालेली दिसतात.

कॅश ठेवावी की बंद करावी, आणि ठेवायची तर किती सेकंदांची, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

जनकगंज, ग्वाल्हेर

ताई, आपण लक्षणे इतकी नेमकी मांडली आहेत की निदान करणे सोपे झाले आहे. आधी पहिल्या अडचणीचे सांगतो, कारण तिच्यातच कॅशचा स्वभाव दडलेला आहे.

लिबफेकटाइम ही बाहेर कुठे चालणारी सेवा नव्हे, ती प्रत्येक प्रोसेसच्या आत बसलेली लायब्ररी आहे. त्यामुळे तिची कॅशसुद्धा प्रत्येक प्रोसेसची स्वतंत्र असते. आपण फाइल बदलता तेव्हा कोणालाही निरोप जात नाही. एखादा वर्कर पुढच्या वेळी घड्याळ विचारतो तेव्हा लायब्ररी एवढेच पाहते की या प्रोसेसने फाइल शेवटची वाचली त्याला किती सेकंद झाले. मुदत संपली असेल तर फाइल पुन्हा वाचली जाते, नसेल तर आधी वाचलेलीच सूचना लागू राहते. काही सांगितले नसेल तर ही मुदत दहा सेकंदांची असते, आणि ती खऱ्या सेकंदांत मोजली जाते. खोटे घड्याळ आपण दहापट वेगाने पळवले तरी मुदत लवकर संपत नाही.

आता आपले आकडे पाहा. वर्कर दर सेकंदाला लॉग लिहितो, म्हणजे तो सतत घड्याळ विचारत असतो आणि साधारण दर दहा सेकंदांनी फाइल पुन्हा वाचतो. आपण फाइल बदलली तो क्षण त्या दहा सेकंदांच्या चक्रात कुठेही येऊ शकतो. आठ सेकंद थांबल्यावर त्याने ती वाचलेली असण्याची शक्यता दहात आठ. चारही वर्करांचे चक्र एकमेकांपासून स्वतंत्र आहे असे धरले तर चौघांनीही वाचलेली असण्याची शक्यता ०.८ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ०.४१. एका वर्करवर दहापैकी सात-आठ, चारांवर निम्म्याहून कमी, हे आपले निरीक्षण या गणिताशी तंतोतंत जुळते. टेस्ट लहरी आहे असे वाटत होते, परंतु ती अगदी नियमाने वागत होती.

यातूनच एक फसवे लक्षण उद्भवते, ते आधीच सांगून ठेवतो. जो वर्कर मागणीची वाट पाहत निवांत बसला आहे आणि दहा सेकंदांहून अधिक काळ ज्याने घड्याळ विचारलेलेच नाही, तो जागा झाल्यावर पहिल्याच विचारणेला फाइल ताजी वाचतो. म्हणून निवांत वर्करांवर ही अडचण दिसत नाही आणि कामात गुंतलेल्यांवर दिसते. आमच्याकडे एकाने लॉगची सेकंदा-सेकंदाची ओळ बंद केली, टेस्ट उत्तीर्ण झाली, आणि दोष लॉगच्या लायब्ररीवर ठेवून तो मोकळा झाला. दोन महिन्यांनी तेच दुखणे परत आले.

दुसऱ्या अडचणीबद्दल एक शंका आहे. फेकटाइम_कॅश_ड्युरेशन आपण नेमके कुठे लिहिले? हे व्हेरिएबल वर्करच्या स्वतःच्या पर्यावरणात (प्रोसेसला सुरू होताना मिळणाऱ्या व्हेरिएबलांच्या संचात), तो सुरू होतानाच, असावे लागते. टेस्टची स्क्रिप्ट कंटेनरच्या बाहेर आहे असे आपण लिहिता. स्क्रिप्टच्या टर्मिनलमध्ये ते एक्सपोर्ट केले असेल तर कंटेनरमधल्या वर्करांपर्यंत ते पोहोचणारच नाही. खात्री करणे सोपे आहे. कंटेनरमध्ये प्रॉक या डिरेक्टरीत वर्करच्या क्रमांकाखाली एन्व्हायरन नावाची फाइल असते, तिच्यात प्रोसेस सुरू होतानाचे सर्व व्हेरिएबल दिसतात. तिथेच मॅप्स ही फाइल उघडून लिबफेकटाइम खरोखर मेमरीत आली आहे की नाही तेही पाहून घ्यावे. तपास चारही वर्करांचा करावा, एकाचा नव्हे.

तसेच नुसते फेकटाइम या नावाचे व्हेरिएबल पर्यावरणात चुकून राहिलेले नाही ना, हे तपासावे. ते असेल तर त्याचा मान फाइलपेक्षा वरचा असतो. मग फाइलमध्ये काहीही लिहा, कॅशची मुदत कितीही ठेवा, उपयोग शून्य.

रामबागकर, इंदूर

काका, मनापासून आभार. आपली शंका खरी ठरली. मी व्हेरिएबल स्क्रिप्टच्या टर्मिनलमध्येच लिहिले होते. एन्व्हायरन फाइल उघडल्यावर चारही वर्करांत त्याचा मागमूस नव्हता. नो_कॅश मात्र मी थेट कंटेनरच्या रचनेच्या फाइलमध्ये लिहिले होते, म्हणून त्याचा परिणाम दिसला आणि ड्युरेशनचा दिसला नाही. या दोन जागांमधला भेद माझ्या ध्यानातच आला नव्हता. ०.४१ चा हिशेब मी आमच्या गटाला वाचून दाखवला, आणि गेले तीन आठवडे आम्ही ज्या टेस्टला दोष देत होतो तिच्याविषयी सर्वांचे मत बदलले.

आता मुदत १ सेकंद आहे आणि टेस्ट बहुतांशी उत्तीर्ण होते. बहुतांशी असे म्हणण्याचे कारण हे की आज चाळीस फेऱ्यांत एकदा एका वर्करने भलतीच तारीख दाखवली. ती जुनीही नव्हती आणि नवीही नव्हती. तिसऱ्या अडचणीचा, म्हणजे वीस मिनिटे पुढे गेलेल्या मध्यरात्रीचा, उलगडा अजून झालेला नाही.

दांडिया बाजार, वडोदरा

भलत्या तारखेचे कारण बहुधा फाइल लिहिण्याच्या पद्धतीत आहे. आपली स्क्रिप्ट शेलच्या > या बाणाने फाइलमध्ये मजकूर ढकलत असेल तर फाइल आधी रिकामी होते आणि नंतर भरली जाते. या दोन क्रियांच्या मधल्या सूक्ष्म अवधीत एखाद्या वर्करने ती वाचली तर त्याच्या हाती अर्धवट मजकूर लागतो, आणि त्यातून कोणती वेळ निघेल याचा भरवसा नाही. मुदत दहाची होती तेव्हा वाचने कमी होती, म्हणून असा योग क्वचितच आला असता. मुदत घटवली की वाचने वाढतात आणि योगही वाढतो. त्यात भर अशी की चुकीचे वाचनसुद्धा कॅशमध्ये तेवढीच मुदत टिकते. मुदत दहाची ठेवून असा प्रसंग आला असता तर तो वर्कर दहा सेकंद भरकटलेला राहिला असता.

उपाय जुना आणि खात्रीचा आहे: नवी वेळ त्याच डिरेक्टरीतल्या दुसऱ्या तात्पुरत्या फाइलमध्ये पूर्ण लिहावी आणि मग एमव्ही या नाव बदलण्याच्या आज्ञेने तिला खऱ्या नावावर आणावे. एकाच फाइल-सिस्टिममध्ये नाव बदलण्याची क्रिया अखंड असते. वाचणाऱ्याला एक तर पूर्ण जुनी फाइल मिळते किंवा पूर्ण नवी.

मात्र थांबा. आपण एकच फाइल कंटेनरमध्ये माउंट केली आहे, आणि हा उपाय तसाच लागू केला तर आपण नव्या पेचात सापडाल. एकट्या फाइलचे माउंट हे तिच्या नावाशी बांधलेले नसते, मूळ फाइलच्या आयनोडशी, म्हणजे डिस्कवरच्या तिच्या अंतर्गत नोंदीशी, बांधलेले असते. बाहेर नाव बदलून नवी फाइल आली तरी कंटेनर जुन्याच आयनोडकडे पाहत राहतो, आणि मग कॅश एक सेकंदाची असो वा बंद असो, वर्करांना बदल कधीच दिसत नाही. म्हणून फाइलऐवजी तिची डिरेक्टरी माउंट करावी. या एका बाबीवर माझा पूर्ण एक शनिवार गेला आहे, म्हणून ठळकपणे लिहीत आहे.

आता नो_कॅशबद्दल. जनकगंज यांनी त्यावर काही लिहिले नाही, आणि अनेक जण ते सरसकट वाईट समजतात. मला ते पटत नाही. लिनक्सवर घड्याळ विचारणे एरवी फार स्वस्त असते, कारण बहुतेक वेळा कर्नेलमध्ये शिरावेच लागत नाही, उत्तर प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीतूनच मिळते. कॅश बंद करून वेळ फाइलमध्ये ठेवली की त्याच विचारणेसाठी फाइल उघडणे, वाचणे, बंद करणे एवढा व्याप होतो, आणि यातले प्रत्येक पाऊल कर्नेलमधून जाते. आपल्या आकारणीत प्रत्येक खात्यामागे लॉगच्या अनेक ओळी पडत असतील तर चारांची वीस मिनिटे होणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या टेस्टमध्ये दहा-वीस खातीच आहेत तिथे हा खर्च जाणवतही नाही, आणि बदललेली वेळ पुढच्याच विचारणेला दिसते हा लाभ मोठा आहे. फेकटाइम व्हेरिएबलमधूनच वेळ दिली असेल तर फाइलचा व्याप नसल्यामुळे खर्च आणखी कमी होतो. अर्थात चालू प्रोसेसचे पर्यावरण बाहेरून बदलता येत नसल्याने आपल्या कामाला तो मार्ग लागू नाही. माझे मत असे की मध्यरात्रीच्या छोट्या टेस्टसाठी कॅश बंद ठेवावी, महिनाअखेरच्या मोठ्या फेरीसाठी दहा सेकंदांची मूळ मुदतच राहू द्यावी, आणि दोन्हींसाठी कंटेनर वेगळे सुरू करावेत.

जनकगंज, ग्वाल्हेर

वडोदऱ्याच्या मित्रांनी डिरेक्टरीचा मुद्दा लिहिला हे फार चांगले झाले. नो_कॅशविषयी मात्र माझा मतभेद आहे. कॅश बंद केली तरी चार वर्कर एकाच क्षणी बदलतात असे होत नाही; प्रत्येक जण आपापल्या पुढच्या विचारणेला बदलतो. जो वर्कर एखादे खाते मोजत असताना मध्येच दोनदा घड्याळ विचारतो, त्याला पहिल्या वेळी जुने वर्ष आणि दुसऱ्या वेळी नवे वर्ष दिसू शकते. खऱ्या मध्यरात्रीही हेच घडते, त्यामुळे टेस्टने तो प्रसंग पकडणे इष्टच आहे. पण नो_कॅश ठेवले म्हणजे सर्व एकसाथ बदलले, या समजुतीवर टेस्ट रचू नये.

म्हणून ताई, माझा आग्रह मुदतीच्या आकड्यापेक्षा थांबण्याच्या पद्धतीवर आहे. आठ सेकंद, बारा सेकंद असे ठरावीक थांबणे काढून टाकावे. मुदत १ ठेवावी. ती पूर्ण सेकंदांत मोजली जाते, तेव्हा मनात दोन सेकंद धरून चालावे. फाइल बदलल्यावर स्क्रिप्टने लॉग वाचत राहावा आणि चारही प्रोसेस-क्रमांकांची नवी तारीख असलेली ओळ दिसली की मगच व्याजाची मागणी पाठवावी. पंधरा सेकंदांत चौघे आले नाहीत तर टेस्ट तिथेच नापास करावी आणि कोणता क्रमांक मागे राहिला ते लिहावे. आपल्या वर्करांची ती सेकंदा-सेकंदाची ओळ इथे उत्तम उपयोगी पडेल. वेब-पत्त्यावरून तारीख विचारून खात्री करण्याच्या भानगडीत पडू नये, कारण ती मागणी चौघांपैकी कोणाकडे जाईल हे आपल्या हाती नसते. एकानेच चार वेळा उत्तर दिले तरी स्क्रिप्टला चौघे आल्यासारखे वाटेल.

आता वीस मिनिटांचे कोडे. @ चिन्हाचा अर्थ असा की दिलेल्या वेळेपासून घड्याळ चालू लागावे, परंतु ते चालणे प्रोसेस सुरू झाल्याच्या क्षणापासून मोजले जाते. फाइल बदलल्याचा क्षण त्यात कुठेच येत नाही. वर्कर सुरू होऊन वीस मिनिटे झाली असतील आणि आपण @ लावून २३:५९:५० लिहिले, तर लायब्ररी त्यात वीस मिनिटे मिळवते आणि वर्करला ००:१९:५० दिसते. मध्यरात्र त्याच्या डोळ्यांसमोरून गेलेलीच नसते. @ काढून टाकले तर घड्याळ त्या क्षणी गोठते, आणि गोठलेल्या घड्याळात मध्यरात्र कधी येतच नाही. याचा कॅशशी संबंध नाही, म्हणून मुदत कितीही बदलली तरी हे कोडे सुटले नसते.

चालू प्रोसेसची वेळ बदलायची असेल तर फरकाची भाषा वापरावी: अधिक किंवा उणे चिन्ह आणि पुढे सेकंद. स्क्रिप्टने हवी असलेली वेळ आणि आत्ताची खरी वेळ यांतले अंतर सेकंदांत काढून तेवढेच फाइलमध्ये लिहावे. मग कोणता वर्कर केव्हा सुरू झाला याने काही बिघडत नाही, मध्येच मरून पुन्हा उठलेला वर्करही इतरांच्याच वेळेवर येतो. हे अंतर काढणारी स्क्रिप्ट स्वतः लिबफेकटाइमखाली चालत नसावी, एवढे पाहावे. दिवस, तास यांसाठी अक्षरी प्रत्यय आहेत, पण वर्षाचा प्रत्यय हिशेबाच्या कामात टाळावा, कारण त्याचे वर्ष सरळ ३६५ दिवसांचे असते: ३१ मार्च २०२७ पासून एक वर्ष पुढे जायला सांगितले तर आपण ३० मार्च २०२८ वर उतराल.

मल्हारगंजकर, इंदूर

दोनच गोष्टी जोडतो. कंटेनरमध्ये वेळेचा विभाग सांगितलेला नसेल तर तो बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असतो, आणि फाइलमध्ये लिहिलेली पूर्ण तारीख-वेळ प्रोसेसच्या स्थानिक विभागानुसार वाचली जाते. तेव्हा यूटीसीतले २३:५९:५० म्हणजे आपल्याकडे १ एप्रिलची पहाट, ५ वाजून २९ मिनिटे ५० सेकंद. सेकंदांतला फरक लिहिल्याने हाही घोळ टळतो.

दुसरी गोष्ट टेस्ट संपल्यावरची. आपण घड्याळ पुन्हा मागे आणता तेव्हा ही लायब्ररी एरवी मोनोटॉनिक घड्याळालाही बदलते, म्हणजे जे कधी मागे जाऊ नये असे प्रोग्राम गृहीत धरतो तेही मागे जाते. आमच्याकडे एका वर्करचे टायमर यामुळे अडकून बसले होते आणि आम्ही दोन दिवस कॅशला दोष देत होतो. फेकटाइम_डोन्ट_फेक_मोनोटॉनिक १ केल्यावर ते सुटले. जुन्या आवृत्त्यांत याच व्हेरिएबलचे नाव सुरुवातीच्या फेकटाइमशिवाय आहे, तेव्हा आपली आवृत्ती पाहून लिहावे.

रामबागकर, इंदूर

सर्वांचे ऋण मानते. काल संध्याकाळी पुढील बदल केले: फाइलऐवजी डिरेक्टरी माउंट केली, लिहिणे तात्पुरत्या फाइलमधून आणि एमव्हीने, @ च्या जागी सेकंदांतला फरक, मुदत १, मोनोटॉनिक घड्याळ खरे, आणि आठ सेकंदांच्या जागी चारही क्रमांकांची वाट पाहणे. रात्रभर दोनशे फेऱ्या लावून ठेवल्या होत्या. एकशे नव्याण्णव उत्तीर्ण झाल्या.

जी एक नापास झाली तिचा लॉग मी आज सकाळपासून वाचत होते. चारही वर्कर योग्य वेळी नव्या वर्षात गेले होते, परंतु त्यांपैकी एकाने खात्याची मोजणी मध्यरात्रीच्या आधी सुरू केली आणि पावतीचा क्रमांक मध्यरात्रीनंतर घेतला, त्यामुळे जुन्या वर्षाच्या व्याजाला नव्या वर्षाची पहिली पावती लागली. जनकगंजच्या काकांनी वर्तवलेला प्रसंग तो हाच. हा दोष लायब्ररीचा नाही, कॅशचाही नाही. तो आमच्या प्रोग्रामचा आहे आणि खऱ्या ३१ मार्चलाही तो घडू शकला असता. मोजणीच्या आरंभी एकदाच वेळ घेऊन तीच शेवटपर्यंत वापरावी असा बदल आज दुपारी करत आहे, आणि रात्री पुन्हा दोनशे फेऱ्या लावीन.